तीन दुरुस्त्या

१

बाइंडर कोठडीत मेला तो गुरुवारी पहाटे, झोपेत, हृदय बंद पडून. निदान कागद तसं म्हणत होता, आणि कागदाला काय हो, त्याला थोडीच लाज असते.

त्याच कागदांच्या म्हणण्यानुसार आदल्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी पाचला, हा माणूस अगदी ठणठणीत होता. त्याने आपला कबुलीजबाब स्वतः वाचला, त्यातल्या तीन चुका स्वतःच्या हाताने दुरुस्त केल्या, प्रत्येक दुरुस्तीशेजारी आद्याक्षरं केली आणि खाली सही ठोकली. सरकारविरुद्धची पत्रकं आपण पुस्तकांच्या पुठ्ठ्यांत भरून गावोगाव पाठवत होतो आणि ती आणून द्यायचा आपला मेहुणा, असं त्या जबाबात होतं. त्या एका वाक्यावर मेहुणा तुरुंगात गेला. बाइंडरच्या बायकोचा नवरा गेला, भाऊ गेला आणि वर माहेरही तुटलं.

कोठडीत माणूस मेला की न्यायाधीशाकडून चौकशी करायची असा कायदा होता, म्हणून ती लावली. नोकरीत असलेल्या न्यायाधीशांना वेळ नव्हता, म्हणजे इच्छा नव्हती. मग निवृत्त झालेल्या एका बाईंना घरून बोलावून आणलं. तीस दिवस, एक खोली, एक शिपाई आणि एका बाजूला कलणारी खुर्ची, एवढा सरंजाम मिळाला. कोर्टात या बाईंना मागून सगळे टाचणीबाई म्हणायचे. कागदात खोट दिसली की त्या बोलायच्या नाहीत, तिथे टाचणी खोचायच्या. नाव त्यांच्या कानावर गेलं होतं आणि मनातून आवडलंही होतं.

पहिल्याच दिवशी बाइंडरची बायको आली. चाळिशीची, नीटनेटकी, हाताला खळीचा वास. दुकान आता तीच चालवत होती. ती रडली नाही. रडून झालं होतं.

"त्यांना मारलं हे मला ठाऊक आहे, बाई," ती म्हणाली. "ते तुम्ही सिद्ध कराल अशी आशा मी धरलेली नाही. मला एवढंच सांगा, त्यांनी माझ्या भावाचं नाव घेतलं का? आई मला दारात उभं करत नाही. म्हणते, तुझ्या नवऱ्याने माझा मुलगा विकला."

बाईंनी मान हलवली, पण आतून त्यांना धीर नव्हता. त्या तीन दुरुस्त्या वाईट होत्या. जबाब घेण्याच्या धंद्यातली ही जुनी चाल त्यांना चांगली माहीत होती. लेखनिक जबाब टाइप करताना मुद्दाम तीन साध्या चुका घालतो. वय, मुलांची संख्या, घराचा नंबर, असलं काहीतरी. मग कैद्याच्या हातात पेन देऊन त्या दुरुस्त करून घ्यायच्या. उद्या कोर्टात कैदी म्हणाला की मला न वाचताच सही करायला लावली, तर वकील बोट ठेवतो: मग या चुका काय भुताने सुधारल्या? बाईंनी स्वतः खुर्चीवर असताना असे कितीतरी जबाब मान्य केले होते. दुरुस्त्या दिसल्या की त्यांना हायसं वाटायचं आणि पुढचं प्रकरण घेता यायचं. ते आठवलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

जायला निघालेल्या बायकोला त्यांनी नियमाप्रमाणे वय आणि पत्ता विचारला. घर नंबर एकोणीस, असं तिने सांगितलं.

बाईंनी चष्म्यावरून जबाबाकडे पाहिलं. टाइप केलेल्या बहात्तरवर काट मारून वर शाईने लिहिलं होतं: सत्तावीस.

"पुन्हा सांगा," बाई म्हणाल्या, आणि हात टाचण्यांच्या डबीकडे गेला.

२

नंबराची कथा बायकोने उभ्याउभ्याच सांगितली. त्यांच्या गल्लीचे नंबर नगरपालिकेने दोन वर्षांपूर्वी बदलले. पूर्वीचा सत्तावीस आता एकोणीस झाला, आणि सत्तावीस नंबर गेला पलीकडच्या इस्त्रीच्या दुकानाला. मग काय, यांचं सगळं टपाल इस्त्रीवाल्याकडे. बाइंडरने त्यापायी नगरपालिकेत अकरा खेपा घातल्या. तिथले कारकून त्याला बघितलं की म्हणायचे, आले एकोणीसराव. दुकानात तर त्याने पाटीभर आकडा रंगवून ठेवला होता. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी एकोणीसच म्हणाला असता, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. बाइंडरची ठाण्यातली चौकशी त्यांच्या हाताखाली झाली होती. देखणा माणूस, बोलणं मधासारखं, आणि बसायची ढब अशी की खोली त्यांचीच आणि बाई पाहुण्या. ते म्हणाले की बाइंडरला बोटही लावलेलं नाही. उलट बुधवारी संध्याकाळी मन मोकळं झाल्यामुळे तो अगदी मजेत होता, हसत हसत दुरुस्त्या करत होता.

बाईंनी घराच्या नंबराचं विचारलं. साहेब क्षणभरही अडले नाहीत. घाबरलेला माणूस स्वतःचं नाव विसरतो, म्हणाले, नंबराची काय कथा. बाईंनी शांतपणे विचारलं की आत्ता तर तो मजेत होता, मग एवढ्यात घाबरला कधी? साहेब हसले. मनातल्या मनात त्यांनी बाईंचं मोजमाप पुन्हा घेतलं असावं.

ही एक टाचणी काही पुरेशी नव्हती, हे बाईंनाही कळत होतं. एका आकड्यावर कोणी फासावर जात नाही. त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. बायको सांगते, त्याला चष्म्याशिवाय ताटातलं दिसायचं नाही. जबाबाची अक्षरं तर मुंगीएवढी. त्याने वाचलं कसं?

"चष्मा दिला होता ना," साहेब लगेच म्हणाले. "सहीपुरता मालखान्यातून मागवला आणि परत पाठवला. विचारा लाखकाकांना."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे उतरवले आणि साहेबांची सही घेतली. मग शिपायाला लाखकाकांना आणायला पाठवलं.

३

लाखकाका म्हणजे मालखान्याचे कारकून. कैदी आत आला की त्याचा पट्टा, नाडी, घड्याळ, चष्मा, जे जे काढून घेतात ते पिशवीत भरायचं, यादी करायची आणि वर लाख ओतून मोहोर मारायची, हे त्यांचं काम. बोटं कायमची तांबडी. म्हातारा गप्पिष्ट होता आणि आपल्या कामाबद्दल बोलायला मिळालं म्हणून खूशही होता.

सोमवारी बाइंडरला आणलं तेव्हा चष्मा आपणच पिशवीत घातला, असं त्यांनी सांगितलं. जाड भिंगांचा, एका दांडीला दोरा गुंडाळलेला. शुक्रवारी बायकोला सामान परत दिलं तेव्हा दोन पंचांसमोर, साहेबांसमोर आपणच लाख फोडली. पंचनाम्यात लिहिलंय बघा: मोहोर शाबूत. खाली साहेबांचीच सही आहे.

"मधे पिशवी उघडली होती का, काका? बुधवारी? पाच मिनिटांसाठी?"

म्हातारा दुखावला. "बाईसाहेब, अठ्ठावीस वर्षं झाली. माझी मोहोर माझ्याशिवाय कोणी मोडलेली नाही. मोडली की दुसरी लाख, दुसरी तारीख, दुसरी नोंद. सोमवारची लाख शुक्रवारी फोडली. मधे माझा बाप आला असता तरी—"

तिथेच ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना उमगलं. नोकरीची दोनच वर्षं राहिलीत, असं ते हळूच म्हणाले. बाईंनी सांगितलं की यात खोटं काही लिहिलेलं नाही, फक्त सही करा. करू का, करू का असं दोनदा विचारून त्यांनी केली. बिचाऱ्याला आयुष्यभराच्या चोख कामाची अशी शिक्षा मिळत होती.

चष्मा लाखेत बंद होता. मग बुधवारी पाचला बाइंडरने काय वाचलं?

राहिला डॉक्टर. त्याच दिवशी साडेचारला 'प्रकृती ठीक, जबाब देण्यास समर्थ' असा दाखला त्याने दिला होता. घामाघूम झालेला माणूस. बाईंनी एकच विचारलं, नाडी किती होती? दाखल्यात आकडा नव्हता. डॉक्टरने आधी विसरलो म्हटलं, मग घाई होती म्हटलं, शेवटी खाली बघत सांगितलं की दारातूनच पाहिलं. झोपला होता. साहेब म्हणाले झोपू द्या, दमलाय.

"श्वास चालू होता?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरने रुमाल काढून कपाळ पुसलं. एवढ्यांदा पुसलं की शेवटी शिपायाने पंखा वाढवला.

४

एकविसाव्या दिवशी बाईंनी चौघांना एकदम बोलावलं. साहेब, डॉक्टर, लाखकाका आणि लेखनिक. लेखनिक पन्नाशीचा, चेहरा असा की गर्दीत कोणी ओळखू नये. आतापर्यंत प्रत्येक प्रश्नाला त्याने एकच उत्तर दिलं होतं: मी सांगितलेलं टाइप करतो.

बाईंनी सावकाश मांडणी केली. चष्मा बंद होता, म्हणजे बाइंडरने जबाब वाचलेला नाही. वाचला नाही, म्हणजे दुरुस्त्या दुसऱ्या कोणाच्या. कोणाच्या? डॉक्टरला कुठे चुका घातल्यात हे ठाऊकच नव्हतं. साहेब? साहेबांनी सोमवारी स्वतः जाऊन बाइंडरला उचललं होतं. अटकेच्या टिपणात त्यांच्याच अक्षरात आहे, 'घर नंबर एकोणीस येथून'. एकोणीसची पाटी ज्याने पाहिली तो सत्तावीस लिहिणार नाही. सत्तावीस हा आकडा फक्त जुन्या फायलीत होता. तेव्हा बरोबर काय आणि चूक काय हे ज्याने केवळ फाइल बघून ठरवलं, जो कधी टेबलावरून उठून त्या गल्लीत गेला नाही, त्याचा हा हात.

सगळ्यांनी लेखनिकाकडे पाहिलं. त्याने टेबलाकडे पाहिलं.

"आणि साहेबांनी जबाब 'माझ्यासमोर वाचला' असं लिहून सही केली," बाई म्हणाल्या. "साहेबांनी तो वाचला असता तर सत्तावीस त्यांच्या डोळ्यांत खुपलं असतं. तेव्हा हा जबाब कैद्याने वाचला नाही आणि साहेबांनीही वाचला नाही."

साहेबांनी चक्क हळू टाळ्या वाजवल्या. छान जमवलंय म्हणाले, गोष्टीत शोभेल. मग उठता उठता त्यांनी विचारलं, "पण तो कशाने मेला, ते यात कुठे आलं, मॅडम?"

ते कुठेच आलं नव्हतं. बाईंनाही ते माहीत होतं. 

५

दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडायच्या आत लेखनिक दारात उभा होता. रात्रभर झोपलेला दिसत नव्हता.

त्याने सगळं सांगितलं, आणि एकदा सुरू झाल्यावर थांबेना. सोमवारपासून बाइंडरला उभा ठेवला होता. हात वर बांधलेले, डोळा लागला की पाणी मारायचे. मार फारसा नव्हताच, त्याची गरजच पडली नाही. बुधवारी दोनच्या सुमाराला त्याने पाणी मागितलं. साहेब म्हणाले, आधी नाव. तो म्हणाला, नाव नाही. मग मान खाली गेली. सोडवून जमिनीवर ठेवला तेव्हा हात गार होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि लेखनिकाला सांगितलं, रोजच्यासारखं पुरं कर.

"म्हणून रोजच्यासारखं केलं," लेखनिक म्हणाला. "तीन चुका घातल्या, तीन सुधारल्या, सहीही मीच ठोकली. हाताला सवय आहे, बाई. मेलेल्या माणसाचा जबाब आहे आणि चुका कशाला घालायच्या, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

"मेहुण्याचं नाव त्याने घेतलं?"

"नाही. ते फायलीत आधीपासून होतं. तो शेवटपर्यंत नाव नाही एवढंच म्हणाला."

बाईंनी त्याचं म्हणणं लिहून काढलं आणि कागद पुढे सरकवला. नीट वाचा, मग सही करा. त्याने पेन उचललं, एक नजर कागदावर फिरवली आणि विचारलं, "चुका घातल्यात का?"

 नाही, एवढंच बाई म्हणाल्या. त्याने तरी तीनदा वाचलं आणि मग सही केली.

त्या संध्याकाळी नियम मोडून बाई स्वतः एकोणीस नंबरला गेल्या. बाइंडरची बायको पुस्तक शिवत होती. बाईंनी तिला सांगितलं की त्याने नाव घेतलं नाही. तिने टाका पुरा केला आणि दोरा तोडला. मग ती म्हणाली की आता आईला सांगते. बाईंना त्या दिवशी घरी जाताना हलकं वाटलं. वेडेपणा, पण वाटलं खरं.

६

अहवाल गेला. एकशे चार पानं, सत्तेचाळीस टाचण्या. साहेब आणि डॉक्टर यांच्यावर खुनाचा खटला भरावा, मेहुण्याला सोडावं, असं शेवटी स्पष्ट लिहिलं होतं.

आता सरकारी माणसावर खटला भरायचा तर त्याला सरकारचीच परवानगी लागते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच. परवानगीची फाइल दोन महिने फिरली. तेवढ्यात लेखनिकाने प्रतिज्ञापत्र दिलं की टाचणीबाईंनी आपल्याला एकट्याला खोलीत बसवून, दबाव टाकून, तो जबाब वदवून घेतला. आपण न वाचताच सही केली. बाईंनी ते वाचलं आणि त्या हसल्या. कोरडं, वाईट हसू होतं ते. चुका घालून सुधारून घेतल्या असत्या, तर त्याला हे म्हणता आलं नसतं.

परवानगी नाकारली. कारण दिलं होतं: मृत्यूच्या कारणाचा थेट पुरावा नाही, चष्मा आणि घर क्रमांक या लेखनविषयक त्रुटी आहेत. लेखनिकाची एक वेतनवाढ रोखली, निष्काळजीपणाबद्दल. लाखकाकांना लांबच्या गोदामात पाठवलं. डॉक्टर होता तिथेच राहिला. साहेबांना बढती मिळाली. ती आधीच ठरली होती असं म्हणतात, म्हणजे आणखीच वाईट. मेहुणा आत होता तिथेच राहिला, कारण परवानगी नाकारल्यावर जबाब खोटा ठरला नव्हता, आणि खोटा न ठरलेला जबाब खराच असतो.

बाइंडरची बायको दर सोमवारी कचेरीत यायची. लेखनिकाने पहिल्यांदा सांगितलं त्या कागदाची नक्कल तिला हवी होती. आई म्हणत होती, तोंडी नको, कागद दाखव. पण मागे घेतलेल्या जबाबाची नक्कल देता येत नाही, असा नियम निघाला. चष्मा मात्र मुद्देमाल म्हणून पुन्हा जमा करून घेतला होता. तोही मिळाला नाही.

आणि अहवाल अगदीच वाया गेला असं कोणी म्हणू नये. वरच्या कचेरीतल्या कोणीतरी तो अक्षर न् अक्षर वाचला होता. सगळ्या ठाण्यांना एक परिपत्रक गेलं. त्याची प्रत सौजन्य म्हणून बाईंनाही आली. त्यात तीन सूचना होत्या. जबाबाच्या वेळी कैद्यास चष्मा द्यावा, मालखान्यात तशी नोंद करून पिशवीवर नवी मोहोर लावावी. पत्ता फायलीवरून न घेता घरच्यांकडून ताडून घ्यावा. वैद्यकीय अधिकाऱ्याने खोलीत जाऊन नाडीचा आकडा लिहावा. खाली बारीक अक्षरात होतं: संदर्भ, चौकशी अहवाल, पृष्ठ एकसष्ट ते अठ्ठ्याऐंशी.

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. त्या रात्री जेवल्या नाहीत.

सात महिन्यांनी पुन्हा बोलावणं आलं. तीच खोली, तीच खुर्ची. या वेळी मेला होता एक सुतार. गुरुवारी पहाटे, झोपेत. बुधवारी पाचला जबाब. सुताराला जवळचं कमी दिसायचं. चष्मा चार पन्नासला दिला, पाच वीसला परत घेतला, दोन्ही नोंदींवर सही, पिशवीवर नवी लाख. नाडी बहात्तर. तीन चुका, तीन दुरुस्त्या, अक्षर वळणदार. बाईंनी सगळे कागद एकदा वाचले, मग उलटे वाचले, मग आकडे तेवढे वेगळे काढून वाचले. टाचण्यांची डबी उघडीच होती. एकही टाचणी खोचायला जागा सापडेना.

बाहेर बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एक बाइंडरची बायको, सोमवार होता म्हणून आलेली. तिने दुसरीचा हात हातात घेतला होता आणि हळू आवाजात सांगत होती की बाई चांगल्या आहेत, बारीक बघतात, तुझंही शोधून काढतील. शिपायाने दुसरीला आत पाठवलं. ती आली आणि खुर्चीच्या कडेला टेकली. तिच्या चेहऱ्यावर आशा होती, आणि ती बाईंना बघवेना.

बाईंनी पेन उघडलं.

"घराचा नंबर काय तुमचा?"

तिने सांगितला. बाईंनी जबाबातल्या दुरुस्तीवर बोट ठेवलं.

नंबर बरोबर होता.